पिंगीची पिवळी पिशवी

मित्रांनो, दवाखान्यात पलंगाशेजारी जो उंच, सडपातळ लोखंडी स्टँड उभा असतो ना, तोच मी. आता बराच जुना झालो आहे. कारखान्यातून निघालो तो थेट मुलांच्या वॉर्डात आलो. आकड्याला सलाइन अडकवून उभे राहायचे, एवढेच माझे काम.

तिथे मला आठ वर्षांची पिंगी भेटली. तिच्या अंगात प्लेटलेट, म्हणजे वाहते रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, पुरेशा तयार होत नव्हत्या. म्हणून दात्यांनी दिलेल्या प्लेटलेटची पिवळसर पिशवी माझ्यावर टांगून तिला लावत. पण दर वेळी अर्ध्या तासात तिला हुडहुडी भरे, ताप चढे. तिच्या मावशी पांघरुणावर पांघरूण घालत. पुढेपुढे पिशवी दिसली, की पिंगी भिंतीकडे तोंड फिरवू लागली. मला फार अपराधी वाटे.

डॉक्टरबाईंनी मावशींना समजावले, की प्लेटलेटबरोबर दात्याच्या थोड्या पांढऱ्या पेशीही येतात आणि त्याच हिला सोसत नाहीत. त्या आधीच गाळून काढायला हव्यात.

त्याच सुमारास माझे एक चाक निखळले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथे मी धूळ खात पडलो. एका सकाळी रक्तपेढीतल्या ताई उंच काहीतरी शोधत आल्या. नवे फिल्टर आले होते, आणि पिशवी उंच टांगल्याशिवाय गाळणे जमत नव्हते. त्यांनी मला पुसले, चाकाच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि तळमजल्यावरच्या रक्तपेढीत नेले.

पहिलीच पिशवी पिंगीची होती. वर पिशवी, मध्ये नळीला बिस्किटाएवढी चपटी डबी, खाली रिकामी पिशवी. थेंब सावकाश उतरत होते. तिकडे पिंगीच्या हिरड्यांतून रक्त येत होते. दारात उभ्या मावशींना राहवेना.

"ताई, जरा दाबा ना पिशवी. पोरगी वाट बघतेय."

"दाबली तर नको ते पण पलीकडे जाईल. दहा मिनिटं द्या मला," ताई म्हणाल्या आणि स्वतःचे स्टूल त्यांनी मावशींपुढे सरकवले.

गाळलेली पिशवी वर वॉर्डात गेली. अर्धा तास झाला, तास झाला. मला काही जिना चढता येत नाही. शेवटी मावशी खाली आल्या.

"ताप नाही आला," त्या म्हणाल्या. "औषध कडू आहे म्हणून भांडतेय माझ्याशी."

ताईंनी चष्मा काढून पुसला आणि दुसरी पिशवी माझ्यावर अडकवली.

मित्रांनो, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून त्या देणारे कोणीतरी सतत लागते. मोठे झालात की जरूर या. तोवर एवढेच करा: कोणी जीव लावून सावकाश काम करत असेल, तर त्याच्या मागे घाईचा लकडा लावू नका. त्याच्या हातात कोणाचे तरी लेकरू असते.