कपाटातली एकशे त्रेचाळीस पाकिटं

ताई ज्या दुकानात नोंदणीचं काम करायच्या, तिथे कानाची मशीनं विकली जात आणि दुरुस्तही होत. दुकान म्हणजे दोन मजले. खाली बसायचा हॉल, नोंदणीचं टेबल आणि कानाची तपासणी करायची काचेची खोली. वर दुरुस्तीचं दालन आणि साहेबांची केबिन. सोळा वर्षं ताई त्या टेबलाशी बसत होत्या. मशीन घ्यायचं, फॉर्म भरायचा, तपकिरी पाकिटात घालून वर पाठवायचं, आणि दुरुस्त झालं की फोन करून बोलवायचं, असा त्यांचा दिवस जायचा. फोनवर एकेकाशी घसा ताणून बोलता बोलता त्यांचा आवाज इतका वाढला होता, की घरी भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगितलं तरी शेजाऱ्यांना कळे.

चार महिन्यांपूर्वी ग्राहकांची सगळी माहिती सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर आलं आणि फोनचं काम त्यांच्या हातून गेलं. वर मशीन दुरुस्त झालं की 'तयार' हे बटण दाबायचं, पुढचं सगळं आपोआप. ग्राहकाला फोन लागणार, रेकॉर्ड केलेला आवाज सांगणार, 'तुमचं मशीन तयार आहे, येणार असाल तर एक दाबा.' एक दाबलं की वेळेचा मेसेज जाणार. ताईंनी फक्त नोंदणी करायची. घशाला आराम पडला हे खरं, पण हात रिकामे वाटायचे.

तर झालं असं, की त्यांच्या सासूबाईंचं मशीन बिघडलं. ताईंनी रीतसर फॉर्म भरून ते वर पाठवलं. तीन आठवडे झाले तरी पत्ता नाही. सासूबाई खमक्या, कमी ऐकू येत असलं तरी बोलणं कमी झालेलं नव्हतं.

"सूनबाई, तुमच्या दुकानात माझं मशीन दुरुस्त करतायत की नवीन जन्माला घालतायत?"

आपल्याच माणसासाठी रांग मोडायची नाही, म्हणून ताई गप्प होत्या. शेवटी एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्या वर गेल्या. दुरुस्तीच्या टेबलाशी घड्याळजी बसलेले. हा माणूस आधी घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. कपाळावर भिंग, हातात चिमटा.

"घड्याळजी, आमच्या आईंचं मशीन बघता का जरा? घाई नाही, पण माझा घसा बसायला आलाय."

त्यांनी मान वर केली. "तुमच्या सासूबाईंचं? ते कधीच झालंय. बारा दिवस झाले की!"

"मग फोन कसा नाही आला?"

"ते मला काय विचारता? मी बटण दाबलं." घड्याळजींनी मागचं कपाट उघडलं. आत तपकिरी पाकिटं खच्चून भरली होती. एक तर दार उघडताच खाली पडलं. "हल्ली लोक नेतच नाहीत हो. मला वाटलं, दुसरीकडून नवीन घेत असतील."

ताई तडक जिना उतरल्या. खाली येऊन त्यांनी कॉम्प्युटरवर सासूबाईंच्या नोंदीचं कार्ड उघडलं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात होतं, 'काम पूर्ण. बंद.' त्या पुन्हा वर गेल्या, पाकिटं मोजली. एकशे त्रेचाळीस. त्यातली वीस नावं तपासली. वीसच्या वीस 'बंद'. जे ग्राहक कंटाळून स्वतःहून आले, त्यांना मशीन मिळालं होतं. बाकीचे 'फोन येईल' या भरवशावर घरी बसून होते.

साहेबांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा विश्वास बसेना. "ताई, गेल्या दोन महिन्यांत आपलं एकही काम अडकलेलं नाही. हा बघा रिपोर्ट."

"रिपोर्ट बघितला. आता कपाट बघायला चला."

"लोक आळशी असतात हो."

"एकशे त्रेचाळीस माणसं एकदम आळशी झाली?"

साहेबांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो मुलगा बिचारा सभ्य, सगळं तपासून म्हणाला, "सर, सिस्टीम नीट चालली आहे. नोंदींमध्ये एकही एरर नाही." साहेबांनी 'बघा' अशा अर्थाने ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "एरर असता तर बरं झालं असतं. कुणाच्या तरी लक्षात आलं असतं." मग त्यांनी त्या इंजिनिअरचा दोन दिवसांचा वेळ मागून घेतला. साहेब नाखुशीनेच हो म्हणाले. "शुक्रवारपर्यंत. पण आहे ते बिघडवू नका."

सासूबाईंच्या कार्डाच्या तळाशी 'इतिहास' नावाचं एक बटण होतं. सोळा वर्षांत ताईंनी फॉर्मवरची बारीक अक्षरं जितक्या चिकाटीने वाचली, तितक्याच चिकाटीने त्यांनी तो इतिहास वाचला. पहिला फोन, उत्तर नाही. दुसरा फोन, उत्तर नाही. तिसरा फोन, उत्तर नाही. ग्राहकाचा प्रतिसाद नाही, काम बंद. म्हणजे सिस्टीमने फोन केले होते!

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी सासूबाईंचा फोन हातात घेतला. खरंच, तीन मिस्ड कॉल. त्यांनी खुणा करत, ओरडत विचारलं, "आई, हा फोन वाजला तेव्हा उचलला का नाही?"

सासूबाईंनी सुनेकडे असं बघितलं, जणू तिचंच डोकं दुरुस्तीला टाकायला हवं. "अगं, मशीन तुमच्याकडे. फोन वाजला हे मला कळणार कसं? वास घेऊन बघू?"

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांचं कानाचं मशीन आपल्या कपाटात, त्यांनाच आपण फोन करून सांगतोय की मशीन तयार आहे! आणि कुणी चुकून उचललाच, तरी 'एक दाबा' हे त्याला ऐकू कुठून येणार?

सासूबाईंचं संपलं नव्हतं. "आणि मला कशाला केला? फॉर्मवर तुझा नंबर लिहिलाय ना? म्हणून तर तो रकाना असतो."

तो रकाना होता. 'जवळच्या नातेवाइकाचा नंबर.' ताई स्वतः हाताने फोन करायच्या, तेव्हा याच नंबरावर करायच्या. मग सिस्टीम का करत नव्हती?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंजिनिअरला दुकानाच्या फोनवर घेतलं. तो म्हणाला, "ताई, सोपं आहे. नातेवाइकाचा नंबर वरच्या रकान्यात टाकू." सासूबाईंच्या नावाचं एक खोटं कार्ड बनवलं, ताईंचा नंबर वर टाकला, सासूबाईंचा खाली, 'तयार' दाबलं. ताईंचा मोबाइल गप्पच. घरी लावून विचारलं, तर ताईंचे यजमान म्हणाले, "आईचा फोन वाजतोय. उचलू का?"

"उचलू नका!" ताई म्हणाल्या आणि त्यांनी पांढरा कागद पुढे ओढला.

त्या सिस्टीममध्ये असे एकूण चौदा नियम होते. अमुक झालं की तमुक कर. ताईंनी एकेका नियमासाठी चौकोन काढला, कुठला कुठल्यानंतर चालतो ते बाणांनी जोडलं. इंजिनिअर म्हणाला, "मी सगळेच पुन्हा नव्याने लिहितो." ताईंनी साफ नकार दिला. "सगळं एकदम बदललं तर कुठे दुखत होतं ते कधीच कळायचं नाही. खोट्या कार्डासाठी एकेक नियम बंद करायचा आणि बघायचं."

पहिला बंद केला, फोन घरीच वाजला. दुसरा, तिसरा, चौथा, तेच. दर वेळी यजमान इमानदारीने कळवत होते, "वाजला." सातव्यानंतर त्यांनी विचारलं, "मी अंघोळीला जाऊ का?" इंजिनिअरनेही एव्हाना हात टेकले होते. नववा नियम बंद केला आणि टेबलावरचा ताईंचा मोबाइल थरथरत पेन्सिलीला जाऊन भिडला.

'तुमचं मशीन तयार आहे,' रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली. सोळा वर्षांत इतकं गोड वाक्य ताईंनी ऐकलं नव्हतं.

नववा नियम काय होता? 'नातेवाइकांना फोन जाऊ नयेत.' इंजिनिअरने तो कुणी मागितला ते शोधलं आणि जरा चाचरत सांगितलं, "तुमच्याच साहेबांनी." ताई केबिनमध्ये गेल्या. साहेबांना आठवलं. नव्या मशीनच्या जाहिरातीचे फोन नातेवाइकांना जात होते, लोक वैतागले होते, म्हणून त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. इंजिनिअरने नियम लिहिला, पण 'फक्त जाहिरातीचे' हे दोन शब्द राहून गेले. त्यात अकरावा नियम, तीन वेळा उत्तर नाही तर काम बंद. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे. एकत्र आले आणि माणसं घरात बहिरी बसली.

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे हे मी केलं."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं हो. आता निस्तरू या," ताई म्हणाल्या.

नववा नियम जाहिरातींपुरता केला. फोनसोबत लगेच मेसेजही जायला लागला, ग्राहकाला आणि नातेवाइकालाही. अकराव्या नियमात तीनदा उत्तर नाही आलं तर काम बंद न होता ताईंच्या यादीत नाव येईल, असं केलं. मग सासूबाईंनाच रिक्षाने दुकानात बोलावून, हॉलमध्ये बसवून, तीन वेळा चालवून पाहिलं. सासूबाईंनी मेसेज चष्मा लावून मोठ्याने वाचला आणि जाहीर केलं, "शुद्धलेखन बरोबर आहे." घड्याळजींनी त्यांचं मशीन स्वतः खाली आणून कानात बसवलं. "हळू बोल की," त्या पहिल्यांदा म्हणाल्या त्या सुनेलाच. "केवढ्यांदा ओरडतेस!"

इंजिनिअरला आता जोर चढला होता. "एकशे बेचाळीस कार्डं एका झटक्यात उघडतो."

"थांबा. दहा-दहा उघडा," ताई म्हणाल्या. "एकदम सगळे आले तर त्यांना बसवू कुठे? आणि काही चुकलं तर दहांपुरतंच चुकेल."

गुरुवारी दहा वाजता पहिली दहा उघडली. तासाभरात सात उत्तरं आली. बारा वाजता पहिलं जोडपं दारात हजर. आजोबांचं मशीन कानात गेलं, बटण लागलं. आजी वाकून म्हणाल्या, "येतंय का ऐकू? दीड महिना एकटीच बोलतेय मी!"

आजोबांनी डोळे मिटून क्षणभर ऐकलं. "येतंय. बोल ना आणखी."

त्या हसत सुटल्या, मग पदराने डोळे पुसत बसल्या. ताईंनी पुढची दहा उघडली.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. कुणी मुलाबरोबर, कुणी सुनेबरोबर, कुणी काठी टेकत एकटंच. जो तो मशीन लागलं की आधी मोठ्याने काहीतरी बोलून बघायचा, त्यामुळे गलका इतका, की घड्याळजी जिन्यावर येऊन बघत उभे राहिले. एकशे चौतीस पाकिटं गेली. सहा जणांनी सोमवारची वेळ घेतली. उरलेल्या तिघांपैकी एकाचाही नंबर लागेना, तेव्हा साहेबांनी ती तीन पाकिटं उचलली, फॉर्मवरचे पत्ते घेतले आणि स्वतःच्या गाडीने निघाले. साडेसातला त्यांचा फोन आला. "ताई, तिघांनाही मिळालं. तिसऱ्या घरी मला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीयेत." पुढे म्हणाले, "यापुढे नियम कुठलाही बदलायचा असला, की आधी तुमच्या टेबलावर येईल. मी मागितलेलासुद्धा."

पुढच्या आठवड्यात इंजिनिअरने त्या चौकोनांच्या कागदाचा फोटो मागवला. ताईंना वाटलं, आठवण म्हणून हवा असेल. दोन दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला, आवाज उत्साहाने चढलेला.

"ताई, तुमचा कागद घेऊन मी आमच्या बाकीच्या दुकानांचे नियम तपासले. आणखी चार ठिकाणी हेच झालं होतं! एका ठिकाणी तर नव्वद पाकिटं निघाली. सगळी कार्डं उघडली. दहा-दहा करून."

ताईंनी फोन ठेवला आणि जिना चढून वर गेल्या. घड्याळजी एका इवल्याशा तारेला टाका देत होते. ताईंनी बातमी सांगितली. घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला, कपाळावरचं भिंग काढलं आणि उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागले. केबिनमधून साहेब बाहेर आले, तेही वाजवायला लागले. खालून काचेच्या खोलीतल्या तपासनीस बाईंनी ओरडून विचारलं, "काय झालं हो वर?"

"या, सांगते!" ताई ओरडल्या. रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या माणसानेही मान वर करून पाहिलं.