सरदाराची पाठवणी

थोरलीच्या गोठ्यात माशीसुद्धा परवानगी घेऊन बसते, असं धाकटी म्हणायची. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, तेव्हा त्यात थोडी जळजळ धरायचीच. पण खोटं काही नव्हतं. गोठ्याला हातभर उंचावर लाकडी पट्ट्यांची जमीन, लेंड्या फटींतून खाली. चारा गव्हाणीत, पायदळी एक काडी नाही. पाणी रोज ताजं, खूर वेळच्या वेळी कापलेले. नवखे शेळीवाले बघायला यायचे आणि थोरली त्यांना मास्तरीणबाईसारखी शिकवायची. जाताना तिच्याकडच्याच दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, घेऊन जायचे.

या खेपेला मात्र नाक कापलं जायची वेळ आली. शेळ्या व्यायल्या, पण करडं ही एवढीएवढीशी. एकाचा जबडा वाकडा, त्याला आचळ धरता येईना. दुसरं उभंच राहीना. थोरली त्यांना मांडीवर घेऊन चीक पाजत बसली, गॅसवरची भाजी करपली तरी उठली नाही. चारा तपासला, पाणी तपासलं. "हवा बदललीय," असं नवरा म्हणाला, तर त्याच्यावरच उखडली. एवढं करून दोन्ही करडं गेलीच.

मग जनावरांचा डॉक्टर आला. गोठाभर फिरला, एका शेळीपाशी थांबला.

"हिचा बाप कोण?"

"सरदार. आमचा बोकड."

"आणि हिच्या करडांचा?"

थोरलीने उगाच बादली उचलून दुसरीकडे ठेवली. "सरदारच," ती पुटपुटली.

डॉक्टर हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "ताई, हे तर तुम्हीच लोकांना सांगता."

सांगतच होती ना! तिच्या वडिलांचा नियम होता तो. बोकड म्हणजे पाहुणा. वर्षभर राहायचं, त्याच्या लेकी माजावर यायच्या आत निघायचं, नाहीतर बाप-लेकीची करडं अशीच अधू निपजतात. थोरलीने हा नियम अख्ख्या जगाला ऐकवला आणि स्वतःच्या घरात सोयीने विसरली. सरदारची आई व्यायली आणि लगेच मेली. थोरलीने त्याला बाटलीने वाढवला, स्वयंपाकघरात पोत्यावर झोपवला. आता तो कमरेएवढा, दाढीवाला, लांबूनच वास येणारा ऐवज झाला होता, तरी तिच्या मागेमागे फिरायचा. तिला मुलगा नव्हता असं नाही. पण मुलगा भेटायचा फोनवर, आणि सरदार दारात.

आता त्याला द्यायचा कुणाला? खाटकाला? ते तर नावच नको. दुसऱ्या कळपात द्यावा, तर आसपासच्या सगळ्या गोठ्यांत तिच्याच पाठी गेलेल्या, म्हणजे तिथेही याच्याच लेकी. स्वतःच्या हुशारीने केवढा गुंता करून ठेवलाय हे बघून ती कपाळावर हात मारून बसली. वेगळ्या रक्ताच्या शेळ्या होत्या फक्त धाकटीकडे, तिच्या सासरच्या. आणि धाकटीशी तर बोलणं बंद! तीन वर्षांपूर्वी भर बाजारात, चार लोकांत थोरली म्हणून गेली होती, "आमची धाकटी शेळ्या पाळत नाही, हाडं पाळते." तेव्हापासून धाकटीने या घराची पायरी चढली नव्हती, आणि थोरलीनेही कधी "चुकलं" म्हटलं नव्हतं.

"आधी फोन तरी कर," नवरा म्हणाला.

"फोनवर नाही म्हणायला सोपं जातं," असं म्हणून तिने सरदारचा दोर हातात घेतला आणि निघाली.

धाकटी अंगणात पाला टाकत होती. बहिणीला बघून तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"वाट चुकलीस वाटतं?"

"नाही. बोकड बदलून मागायला आले."

"अगबाई! सरदारसाहेब स्वतः? आधी कळवलं असतं तर वाजंत्री बोलावली असती."

थोरलीने ऐकून घेतलं. मग सगळं सांगितलं, काही न लपवता. करडं गेल्याचं ऐकलं तेव्हा कुठे धाकटीच्या हातातला पाला खाली पडला.

"अगं, मग आधी यायचं नाही का? मी काय खाणार होते तुला?" ती ओरडली आणि तिरीमिरीत आत जाऊन आपला बोकड घेऊन आली. बुटका, एक कान फाटलेला. "हा घे. रूपावर जाऊ नकोस. याची करडं जन्मली की लगेच पायावर उभी राहतात."

तेवढ्यात सरदारला शेळ्यांचा वास लागला. त्याने वरचा ओठ वळवला, हिसडा देऊन दोर सोडवला आणि सरळ कळपात घुसला. एकदाही वळून बघितलं नाही. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडतेस काय? बोकड आहे तो. जीव वाचला की त्याचा!"

"एकदा ओरडेल तरी, असं वाटलं होतं गं."

"ओरडलं नाही म्हणजे काही वाटत नाही, असं नसतं," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी बाजारात मी तरी कुठे ओरडले होते?"

थोरलीने डोळे पुसले. काहीतरी करायचं म्हणून तिने जवळच्या शेळीला धरलं आणि सवयीने तिची खालची पापणी ओढून बघितली. आतून लाल असायला हवी, ही कागदासारखी पांढरी. दुसरीची बघितली, तिसरीची बघितली. सगळ्या तशाच. अंगातलं रक्त जंत पीत होते, चारा घालणारीने कितीही घातला तरी या शेळ्यांच्या अंगी लागणार नव्हता. आणि हे थोरलीला बाजारातच कळायला हवं होतं, तोंड उघडायच्या आधी.

"जंतांचं औषध कधी दिलं होतंस?"

"ते द्यायचं असतं?" धाकटी म्हणाली. "मला कुठे माहीत. विचारणार कुणाला होते?"

थोरलीने बाह्या वर सारल्या आणि पुढची शेळी धरली.