पाठीवरचा शिक्का

"आधी पाठ बघावी, सूनबाई. तोंड काय, खोट्यांचंच जास्त देखणं असतं."

लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी मामंजींनी हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं ते माणसांबद्दल बोलताहेत. माझ्या माहेरच्या माणसांबद्दल की काय, अशीही शंका आली. मग त्यांनी चिमट्यात धरलेलं जुनं टपाल तिकीट उलटं करून माझ्यापुढे धरलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मामंजींची उभी हयात छापखान्यात गेली. शाई आणि कागद त्यांना माणसांपेक्षा लवकर कळत. तिकीट जमवणाऱ्यांच्या मंडळात त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात. तपासून अस्सल ठरलेल्या तिकिटाच्या पाठीवर ते आपला शिक्का मारत, मसुरीच्या दाण्याएवढा. तो शिक्का दिसला की पुढे कोणी काही विचारत नसे.

नकली तिकीट ओळखणं तसं सोपं. ते अस्सलपेक्षा जास्त नीटनेटकं असतं, नव्या जावयासारखं. खरी पंचाईत फेरछपाईची. मूळ तिकिटं बंद झाल्यावर बऱ्याच वर्षांनी टपालखात्यानेच हौशी लोकांसाठी ती त्याच ठशावरून पुन्हा छापलेली असतात. राजा तोच, त्याच्या मिशीचा केस न् केस तोच. "सख्खी मावशी आहे," मामंजी म्हणत, "पण आई नव्हे." फरक फक्त कागदात. 'निळा राजा' म्हणतात त्या तिकिटाच्या मूळ कागदात एक तारा दडलेला असतो. काळ्या थाळीत तिकीट पालथं ठेवून बेंझिनचे थेंब सोडले की तो क्षणभर उमटतो आणि विरून जातो. फेरछपाईच्या कागदात तारा नाही.

अलीकडे मामंजींची नजर पार मंदावली आहे. मंडळात हे कोणाला माहीत नव्हतं, किंवा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ते भिंग डोळ्याला लावून बसत, मी शेजारून हळू आवाजात दिसेल ते सांगे, ते मान डोलावत. मी त्यांना औषधाची आठवण करायला येते, असा मंडळाचा समज होता. तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही.

मंडळाची खोली सायकलच्या दुकानावर आहे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. तिकीट हातात आलं की आधी त्याच्या कडेचे दात मोजतात आणि बहुधा तिथेच थांबतात. त्या रविवारी ते आपला निळा राजा घेऊन आले.

"भिंगकाका, एक सही हवी. मोठ्या प्रदर्शनाला चाललाय हा. तपासायचं काही नाही, पाठीवर तुमचाच शिक्का आहे."

"मग सही कशाला?"

"त्यांना ताजी लागते. शिक्का जुना झाला म्हणतात."

"मीही झालोय की," मामंजी म्हणाले. "थाळी काढ गं."

"अहो, भिजवता कशाला उगीच?"

"तुम्ही दाढ न बघताच उपटता का?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण थोडे उशिरा.

मी थेंब सोडले. तारा दिसला नाही. तिकीट जरा फिरवलं, मनातल्या मनात नाव घेतलं, पुन्हा थेंब सोडले. देवाने तारा दिला नाही.

"काय म्हणते पाठ?" मामंजींनी कुजबुजत विचारलं.

सासूबाई गेल्या, नजर गेली, छापखाना तर केव्हाच बंद झाला. या खोलीत मामंजी शिरले की सगळे खुर्चीवरून उठत, एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि तेही त्या शिक्क्याच्या जोरावर. मी 'आहे तारा' म्हटलं असतं तर तपासायला दुसरं कोण बसलं होतं? पण त्यांनी विश्वासाने माझ्याकडे कान केला होता.

"तारा नाही, मामंजी."

"आणि शिक्का?"

"तुमचाच आहे. शेजारी अजून एक आहे, चंद्रकोरीसारखा."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. चंद्रकोर त्यांच्या कैलासवासी गुरुजींची, तिकीट पारखायला त्यांनीच शिकवलेलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"डॉक्टर, शिक्का अस्सल आहे, तिकीट नाही. फेरछपाई आहे ही. हे गुरुजींकडून आलं होतं. मी नेमाने पाठ बघितली, तिच्यावर त्यांचा शिक्का दिसला, आणि कागद बघायचा राहिला. चूक माझी."

डॉक्टरांनी पेशंटला धीर देतात तसं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "काका, आधी पाठ बघा हे तुम्हीच शिकवलंत ना? बघितली आम्ही. दोन जाणत्यांचे शिक्के आहेत."

"त्यातला एक जाणता मी आहे. आणि मीच सांगतोय."

"ते तेव्हाचे तुम्ही, काका. तेव्हा तुम्हाला दिसत होतं."

मी थाळी दाखवली, तर खजिनदार म्हणाले, "वहिनी, थेंब कमी पडले असतील." शेवटी लोकशाही मार्गाने हात वर झाले. राजा बहुमताने अस्सल ठरला. त्याच दमात, आयुष्यभराच्या अचूकतेबद्दल मामंजींच्या आभाराचा ठरावही मंजूर झाला. टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. मामंजींनीही वाजवल्या. ठराव कोणाबद्दलचा ते त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असेल.

घरी आल्यावर ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"गुरुजींकडून तसली अजून दोन आली होती. दोन्हींवर माझा शिक्का आहे. एक चौकातल्या घड्याळजीकडे, एक पुलापलीकडच्या नर्सबाईंकडे."

"बाबा, सोडा ना," हे आतून म्हणाले. "इतकी वर्षं बिचारं खोटं सुखात आहे, त्याला कशाला छळता?"

मामंजींनी तिकडे लक्षच दिलं नाही. "उद्या सकाळी दोघांकडे जाऊन सांगतो, सूनबाई. तुला शब्द देतो."

"मला कशाला?"

"गुरुजींना देता येत नाही, आणि मंडळ ठरावाशिवाय काही घेत नाही."

"त्यांनीही नाही ऐकलं तर?"

"नाहीच ऐकणार. मी सांगायला चाललोय, पटवायला नाही."

सकाळी दिवा लावून मी पोथी उघडली, तर बाहेर कडी वाजली. अगदी हलकेच, यांची झोप मोडू नये अशी. मामंजी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. एका हातात काठी, दुसरा हात कठडा शोधत होता. परत आल्यावर वाचीन, असं मी देवाला सांगितलं आणि चपला घातल्या. तोवर ते पायाने पायरी चाचपून एकेक उतरायला लागले होते. मी दार ओढून घेतलं आणि त्यांच्या मागोमाग निघाले.