दोन गावच्या शाळा

सगुणानं सुक्या बोंबलांची टोपली मुरुडच्या हायस्कुलाच्या कुंपणाशी टेकवली आणि सुरमईचा कल्ला उघडून पाहावा तशी खिडकीतून वर्गात डोकावली.

"श्रीवर्धनपेक्षा वर्ग मोठं हायेत गो."

"तिथं प्रयोगशाळा हाय," कमळ म्हणाली. ती टोपलीपासून चार हात लांब उभी होती आणि तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

अठ्ठावन्न सालचा जून. आगरदांड्याच्या कोळीवाड्यातून सातवी पास झालेली कमळ ही पहिलीच मुलगी. बाप भागोजी म्हणाला होता, "शाळा दोन, पोर एक. तुमी मायलेकी बघा नि ठरवा." म्हणून गेल्या आठवड्यात होडीनं दिघीला उतरून दोघी श्रीवर्धनची शाळा पाहून आल्या. तिथं मावशीकडे राहायचं, घरी यायचं ते सणावारी. मुरुड त्या मानानं अंगणात. शिवाय सगुणाचं अर्धं गिऱ्हाईक शाळेमागच्या आळीत, हेडमास्तरांचं घरसुद्धा त्यातच. ओळखीच्या डोळ्यांखाली पोर राहील, असा तिचा साधा हिशेब. "मधल्या सुट्टीत गरम भाकर आनून दीन," हे तिनं वाटभर घोकलं होतं. लेकीनं त्या भाकरीचीच धास्ती घेतली होती, आणि हे आईच्या गावीही नव्हतं.

फाटकातून रिबिनी बांधलेल्या दोन मुली आल्या. एकीनं कमळला विचारलं, "आठवीत येणारेस? ही बोंबीलवाली तुझी कोण?"

"आमच्या गावची हाय."

टोपलीवरचं फडकं सारखं करणारा सगुणाचा हात थांबला. मग तिनं फडकं पुन्हा नीट खोचलं.

तेवढ्यात हेडमास्तरांच्या बायको कृष्णाबाई पिशवी घेऊन आल्या. "अगं सगुणा! हीच का तुझी हुशार लेक? आमच्याच शाळेत घाल हो."

"न्हाय वो बाय," सगुणा हसली. "शेजारनीची पोर ही. तिची आय तिला श्रीवर्धनला घालनार हाय."

कृष्णाबाईंना बोंबील देऊन झाले. भरली टोपली कोळणीला एकटीनं उचलवत नाही. वाटेवर जे कुणी असेल त्याला ती हाक मारते.

"जरा हात लाव गो पोरी," सगुणा म्हणाली.

कमळ पुढं झाली. दोघींनी मिळून टोपली उचलली. मुली अजून तिथंच होत्या, म्हणून कमळ चार हात मागं राहूनच चालू लागली.