चीज-इद्वलचा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, पावाच्या तुकड्याच्या आकाराचा, एका बाजूने गोल. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जे काही शिकलो ते झाकण उघडं असेपर्यंत. तरी हल्ली विद्वान मंडळी माझ्यापुढे वाकून उभी राहतात. काचेला नाक लावतात, त्यावर वाफ धरते, आणि मग त्यांना मी दिसत नाही, मला ते.

माझा पहिला मालक गेथिन प्रॉसर, वेल्समधल्या आमच्या दरीतला कोळशाच्या खाणीतला कामगार. आमच्याकडे आडनावांची भारी टंचाई. एकट्या दरीत प्रॉसरांची अकरा घरं. म्हणून माणसाला त्याच्या धंद्याची नाहीतर खोडीची शेपटी लावायची. दूध-प्रॉसर, टपाल-प्रॉसर, शवपेट्या करणारा तो शेवट-प्रॉसर. गेथिन घोरायचा, म्हणून भोंगा-प्रॉसर. एकदा चिकटलेली शेपटी थडग्यापर्यंत सुटत नाही.

माझं काम उंदरांपासून पाव-चीज राखायचं. गेथिन रोज पावाचा एक कडक काठ मुद्दाम शिल्लक ठेवी, कारण दारात त्याचा मुलगा इद्वल वाट बघत असे. खाणीतून वर आलेला पाव जास्त गोड लागतो, अशी आमच्याकडच्या पोरांची पक्की समजूत. कोळशाची धूळ लागल्यावर तो गोड कसा लागे, देव जाणे.

खाणीत आणखी एक रीत होती. कुणाचा डबा रिकामा दिसला, तर त्याची पाठ वळल्यावर आपल्यातलं अर्धं त्यात टाकायचं, आणि मरेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. बोललं की घेणाऱ्याची मान खाली जाते.

इद्वल शिकत शिकत भौतिकशास्त्रज्ञ झाला. सव्विसाव्या वर्षी घरी आला तो थेट मला मागायला. आकाशातून न दिसणारे किरण येतात म्हणे. ते डोंगराच्या पोटात किती खोल जातात, हे त्याला मोजायचं होतं. त्याने मधोमध भोकं पाडलेला पत्रा ठोकून मला दोन खोल्यांचं घर केलं. वरच्या खोलीत सोन्याचा वर्ख टांगला. वर्खाला विजेचा भार दिला की तो ताठ बाजूला उभा राहायचा. किरण आले की हळूहळू खाली पडायचा. ओलाव्यानेही पडायचा, म्हणून खालच्या खोलीत ओल शोषणाऱ्या कोरड्या मिठाची पुडी.

त्याची आई मार्गेद म्हणाली, "माझ्या बुटाला भोक पडलंय, आणि डबा आता सोनं जेवणार."

"आई, केसाहून पातळ आहे ते."

"माझा बूटसुद्धा तेवढाच उरलाय."

इद्वलचा जीव टांगणीला होता. कॉलेजातले प्रोफेसर व्हिटलॉक यांनी बजावलं होतं: वर्षअखेरपर्यंत काहीतरी ठोस दाखवा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला.

खाणीत पहिल्या खेपेला वर्ख पडायला पन्नास मिनिटं लागली. मला कोनाड्यात ठेवून इद्वल खाणीची खोली मोजायला पुढे गेला, आणि नेमका जेवणाच्या सुट्टीत तिथून गेथिन निघाला. सवयीने त्याने माझं खालचं झाकण उघडलं.

"नुसतं मीठ?" तो पुटपुटला. "पोर मीठ खाऊन विद्वान होतंय."

पुडी भिरकावली, आपला अर्धा पाव आणि मार्गेदच्या ओलसर पांढऱ्या चीजचा मोठा तुकडा कोंबला, आणि चालता झाला. मी काय करणार? डब्याला तोंड असतं, पण ते फक्त खाण्यापुरतं.

इद्वल परतला. या खेपेला वर्ख चार मिनिटांत आडवा. पुन्हा मोजलं, पुन्हा चार. पठ्ठ्या आनंदाने उडाला आणि तुळईवर डोकं आपटून खाली आला. डोंगरातूनच नवे किरण येतात, असं पत्र त्याने व्हिटलॉकना धाडून दिलं. खालची खोली उघडलीच नाही. सकाळी स्वतः भरली होती ना. विद्वानांची ही जुनी खोड. स्वतः ठेवलेलं परत बघत नाहीत.

दहा दिवसांनी कामगारांच्या सभागृहात व्हिटलॉकसमोर प्रयोग ठरला. तीनशे माणसं, गायकांचं पथक, पहिल्या रांगेत रविवारचा कोट घातलेला गेथिन. व्हिटलॉकनी विचारलं, "कोरडं मीठ कुठे ठेवता?"

इद्वलने ऐटीत झाकण उघडलं.

पाव हिरवा झाला होता. चीजला मिशा फुटल्या होत्या. व्हिटलॉकनी रुमाल काढला. मागून टपाल-प्रॉसर म्हणाला, "मार्गेदकडचं दिसतंय. वास ओळखीचा आहे."

सभागृह खदखदलं. गेथिनचे कान लाल झाले. इद्वलने पाव पाहिला, हाताने मधोमध मोडलेला, अगदी बाप मोडतो तसा. गेथिन अर्धवट उठला. "साहेब, ते..."

"बाबा, बसा," इद्वल म्हणाला. मग लोकांकडे वळला. "डबा माझा. आत न बघता मोजलं, ही माझी चूक. वर्ख ओलाव्याने पडला. डोंगरातून काही येत नाही. पत्र मी मागे घेतो."

"पण हे आत ठेवलं कुणी?" व्हिटलॉकनी विचारलं.

"आमच्याकडे ते विचारत नाहीत, सर."

मग पथकाने गाणं म्हटलंच, दहा दिवस तालीम केली होती म्हणून.

स्टेशनवर व्हिटलॉक म्हणाले, "मार्चपर्यंत मुदत वाढवतो. खोटं आणलंत, परतही घेतलंत. आता खरं आणा."

इद्वल चार महिने खाणीत राबला. सुट्टीत गेथिन माझ्याकडे पाठ करून पहारा देई, स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून. जितकं खोल, तितका वर्ख सावकाश. त्या रटाळ, खऱ्या आकड्यांनी इद्वलची जागा राखली, पुढे नावही झालं. जगाला तो प्रोफेसर प्रॉसर. दरीत मात्र चीज-इद्वल. पाकिटावर तसं लिहिलं नसेल तर टपाल-प्रॉसर पत्र द्यायचाच नाही.

आता मी संग्रहालयात असतो. पाटीवर लिहिलंय, "खालचा कप्पा: कोरडे मीठ." चीजचा उल्लेख नाही. इतिहास हा असा धुऊन पुसून लिहितात.

गेल्या महिन्यात ऐंशीचा इद्वल काठी टेकत आला. पहाऱ्यावरच्या मुलीला म्हणाला, "काच उघड, बाळ."

"नियम नाही, आजोबा."

"एकदाच. आत बघायचं राहिलंय."

तिने उघडली. त्याने खालचं झाकण वर केलं, नीट आत पाहिलं. मग खिशातून पावाचा कडक काठ काढला. मुलीने मुकाट्याने पाठ वळवली. आमच्याच दरीतली असणार.

तर मंडळी, माझ्या पोटात काय आहे ते संग्रहालयवाल्यांना सांगू नका. मी तुम्हाला सांगून बसलो खरा, पण माझं काय, मी डबा. खाली घालायला मला मान कुठेय?