ओडेल कोचची हाक

मित्रांनो, मी सूर मारायची एक जुनी फळी आहे. सध्या ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या पोहण्याच्या तलावामागे, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीने भिंतीला टेकून उभी आहे. वाळवंटातल्या एका कारखान्यात मला ॲल्युमिनियमपासून घडवलं, पाय घसरू नयेत म्हणून अंगावर खरखरीत लेप दिला. सत्तावीस वर्षं मी पोरांना हवेत फेकलं. त्यातली एक पोरगी अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

मी आले त्याच वर्षी हार्लन ओडेल कोच म्हणून रुजू झाले. माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा हळवा. सकाळी येऊन स्वतःच्या हाताने मला पुसायचे आणि मग काठावर उभं राहून, डोनट खात, एकेकाची खरडपट्टी काढायचे. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची.

हवेत गिरकी घेणाऱ्याला पाणी कुठे नि छत कुठे, पटकन उमगत नाही. म्हणून नवा सूर शिकताना कोच काठावरून हाक देतात, "उघड!" ती कानावर पडली की आवळलेलं अंग सोडायचं. ओडेल कोचची हाक कधी चुकत नाही असं सगळे म्हणायचे. हळूहळू त्यांनाही तसंच वाटू लागलं. मलाही फार अभिमान होता त्यांचा.

मर्ना विल्किन्स ही गवळ्याची मुलगी. माझ्यावर चार पावलं टाकायची, तीही इतकी हलकी की मला विचारूनच टाकते आहे असं वाटावं. एका फेब्रुवारीत ती उलटा सूर शिकत होती. यात उडी पुढे असते, पण गिरकी मागे, माझ्याच दिशेने. तिच्याआधी तासभर ऱ्हाइस नावाचा दांडगा, झपाझप फिरणारा मुलगा तोच सूर मारत होता आणि कोच त्याला हाका देत होते.

मर्ना शिडीपाशी थांबली. म्हणाली, "कोच, मला थोडी उशिरा हाक द्या हं. मी ऱ्हाइसपेक्षा हळू फिरते."

कोच हसले. "बाईसाहेब, फिरायचं काम तुमचं, बघायचं माझं. तू फक्त ऐक."

ती वर चढली. चार पावलं, उडी. कोचच्या कानात अजून ऱ्हाइसचाच ताल होता. हाक लवकर आली. मर्नाने ती ऐकली, गिरकी पुरी व्हायच्या आधीच अंग सोडलं आणि ती माझ्यावर आदळली.

चौथ्या दिवशी ती गेली. अपघात म्हणून नोंद झाली, कोणी कोणाला बोल लावला नाही. तिची आई आली तेव्हा कोचचा हात धरून एवढंच म्हणाली, "ती सांगायची, कोच हाक देतात ना, मग मला भीती नाही वाटत."

त्यानंतर कोचनी हाक देणं सोडलं. पण रोज सकाळी, तलावात कोणी नसताना, मला ती चार पावलं जाणवायची आणि मी थरथरायचे. कोच काठावर उभे असायचे. त्यांचे ओठ हलायचे, नेमके ज्या क्षणी हाक द्यायला हवी होती त्या क्षणी.

अशी आठ वर्षं गेली. मग टेसा नावाची मुलगी आली. हाक द्या म्हणून मागेच लागली.

"माझ्या हाकेवर विसंबू नकोस," कोच म्हणाले.

"मग गिरकीचा वेळ मोजायला तरी शिकवा."

आख्खा हिवाळा त्यांनी तिला मनातल्या मनात मोजायला शिकवलं. ती उलटा सूर मारायला चढली तेव्हा मात्र ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. टेसा स्वच्छ पाण्यात शिरली, वर आली आणि सहज म्हणाली, "सोपं आहे की. कधी उघडायचं ते अंगालाच कळतं."

पोरं घरी गेल्यावर कोच बुटांसकट माझ्यावर चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. टोकाला बसून ते म्हणाले, "मर्ना, तुला कळलं होतं का गं?"

कळलं होतं. अंग सोडताना तिचे हात मला अडवायला पुढे आले होते, ते फक्त मी पाहिलं. वेळ झाली नाही हे ठाऊक असून तिने हाक मानली. हे मी कोचना सांगू शकले नाही. त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. समोरचा माणूस कितीही मायेचा असो, त्याचं चुकतंय असं वाटलं तर सांगा. आणि तो हसला, तर वर चढू नका. पुन्हा सांगा.