बांधातली खोकड

"बंद कर रं बाबा ती मशीन. आधी बंद कर."

साठी ओलांडलेल्या आशाबाई पदर खोचून जेसीबीपुढं येऊन उभ्या राहिल्या. बुद्धभूषणनं मशीन बंद केली. तो लासूर स्टेशनहून सकाळीच जेसीबी घेऊन आला होता. गोकुळला, म्हणजे आशाबाईंच्या मुलाला, मधला बांध काढून दोन्ही वावरं एक करायची होती. त्यासाठी त्यानं कंपनीतून रजा घेतली होती.

"काय झालं आई?" गोकुळ पळत आला.

"इकडं ये. आवाज करू नको."

बांधातल्या बिळाच्या तोंडाशी मोठाल्या कानांची तीन पिल्लं एकमेकांवर पडत होती.

"कुत्र्याची दिसत्यात," गोकुळ म्हणाला.

"शेपटीचं टोक बघ. काळं हाय ना? खोकड हाय ती, कोल्ह्याची बारकी जात." आशाबाई गुडघ्यावर बसल्या. "तुझ्या जन्माआधी बघितली हुती रे."

बातमी वस्तीवर पोचायला वेळ लागला नाही. शेजारचे तात्यासाहेब काठी टेकत आले, कडूबाई हातातली भाकरी तव्यावर टाकून आल्या. पिल्लं बुजू नयेत म्हणून सगळे दूर लिंबाखाली बसले आणि प्रत्येकाला काहीतरी आठवू लागलं. हरणांचे कळप रेल्वेच्या रुळापर्यंत यायचे, असं तात्यासाहेब सांगत होते.

"आन् लांडगा?" कडूबाईंनी त्यांना मधेच तोडलं. "माझ्या बापाच्या हातातून कोकरू नेलं त्यानं. गावात ढोर मेलं की गिधाडं तर इतकी उतरायची, की झाड दिसायचं नाय."

"आता रानडुकरं तेवढी लई झाली," तात्यासाहेब म्हणाले.

"ऊस आला तसा बिबट्या बी आला की."

बुद्धभूषण आपलं काम विसरून ऐकत बसला. आशाबाई मात्र बिळाकडंच बघत होत्या. तेव्हा त्यांच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. घरात मोठी माणसं असायची, त्यामुळं नवऱ्याशी धड बोलणंही झालं नव्हतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "चल, गंमत दाखवतो." याच बांधाशी दोघं पालथी पडून खोकडीची पिल्लं बघत होती. तेव्हा त्या पहिल्यांदा त्याच्यासमोर मोकळं हसल्या होत्या.

"गोकुळ, हा बांध नाय काढायचा."

"आई, ट्रॅक्टर वळायला जागा नाय. परत रजा मिळायची नाय मला."

"दुसरीकडं वळव. तुझा बाप जिता हुता तवर त्यानं ह्या बांधाला कधी नांगर लावू दिला नाय. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाय. मला ठावं हाय."

गोकुळ उठला. मग बुद्धभूषणला म्हणाला, "मशीन हितनं ने. वरच्या अंगाचं सपाट कर फक्त."

ऊन कलल्यावर मादी आली, तोंडात उंदीर धरून. पिल्लं तिच्या पोटाखाली शिरली.  गोकुळनं मोबाईल काढला आणि फोटो न काढताच परत खिशात ठेवला.

"नर कसा नाय दिसला?" तात्यासाहेब हळूच म्हणाले. "दोघं मिळून पोसतेत ही."

"यील," आशाबाई म्हणाल्या.

दिवस मावळला. पलीकडच्या हायवेवर गाड्यांचे दिवे लागले, तरी नर आला नव्हता. आशाबाई त्या दिव्यांकडं बघत होत्या; मादीही बिळाबाहेर बसून तिकडंच बघत होती. आशाबाई उठल्या नाहीत. गोकुळ त्यांच्या शेजारी येऊन मांडी घालून बसला.